हाडकुळी

“आता बॉडी कधी बसवणार?”

आमच्या परड्यातल्या शेडमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस हे विचारल्याशिवाय जात नाही. चहाचा कप हातात धरून तो तिच्याभोवती एक फेरी मारतो, नळ्यांच्या जाळीतून आत डोकावतो, सीटच्या मागं उघडं बसलेलं इंजिन बघतो आणि उरलेलं काम कधी आटपणार, याची आपुलकीनं चौकशी करतो. मी सांगतो, काम आटपलं, चार वर्षं झाली. ती एवढीच आहे.

तिला दारं नाहीत, काच नाही, टप नाही, बॉनेट नाही. आहे ते फिक्या करड्या रंगाच्या लोखंडी नळ्यांचं पिंजऱ्यासारखं अंग, चार जाड नक्षीचे टायर, दोन सीट आणि त्यांच्या मागं इंजिन. उभ्या माणसाच्या हनुवटीला लागेल एवढी उंची. तेल-पाण्यासकट वजन पाचशे किलोंच्या आसपास. पुढची चाकं अंगापासून लांब फाकलेली, त्यामुळं उभी असली तरी ती कुठल्याही क्षणी उडी मारेल असं वाटतं. मामाच्या गावात टेम्पोतून उतरवली तेव्हा पोरांनी पाच मिनिटांत बारसं उरकलं: हाडकुळी. आम्ही कागदावर दोन-तीन नावं काढून ठेवली होती. ती तशीच राहिली.

तिचं कुळ लांबचं आहे. १९६४ साली कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला ब्रूस मेयर्स नावाच्या माणसानं फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर फायबर ग्लासचं हलकं अंग चढवून वाळूत पळणारी एक गाडी घरच्या गॅरेजमध्ये बनवली. तो होड्या बांधणारा, म्हणून फायबर ग्लास त्याच्या हातातलं. बीटलचं इंजिन मागच्या चाकांवर बसतं. वजन जिथं, ओढ तिथं, म्हणून वाळूत ती चाकं पकड सोडत नाहीत. पुढं त्यानं बीटलचा तळ छत्तीसेक सेंटीमीटर कापून आखूड केला आणि अशा गाड्या लोकांसाठी बनवायला घेतल्या. १९६७ मध्ये तो आणि त्याचा साथीदार टेड मँगल्स मेक्सिकोतल्या ला पाझपासून तिहुआनापर्यंत, बाहा कॅलिफोर्नियाचं खडकाळ द्वीपकल्प चौतीस तास पंचेचाळीस मिनिटांत पार करून गेले. जगातल्या कितीतरी बग्या त्या एका लाल गाडीच्या पोटी जन्मल्या. रस्त्यावरची थकलेली गाडी घ्यायची, तिचं काळीज काढायचं आणि नव्या सांगाड्यात घालायचं, ही वहिवाट तिथून घट्ट झाली.

हाडकुळीचं काळीज मारुती ८००चं. १९८३च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४च्या सुरुवातीला बनायची थांबलेली ही गाडी आपल्याकडं किती घरांची पहिली गाडी होती! आम्हाला मिळालेलीचा तळ गंजून चाळण झाला होता, नोंदणी रद्द करून घेतलेली होती, पण ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन हँडल न मारता चालू झालं. आबांनी बॉनेटवर हात ठेवून मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, “हिचं वरचं गेलंय. आतलं शाबूत हाय.”

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर त्यांची चौतीस वर्षं गेली. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात लोखंडाला हात लावायला कुणी भीत नाही, असं ते अभिमानानं सांगतात. आमच्यातली तिसरी माझी मुलगी. ती इंजिनीअरिंगच्या कॉलेजात बाहाच्या टीममध्ये होती. विद्यार्थ्यांनी स्वतः बग्गी बनवायची आणि पिथमपूरला नेऊन पळवायची, अशी ती स्पर्धा. तिथून ती नियमांचं एक जाडजूड पुस्तक आणि एक वाक्य घेऊन आली: आधी माणूस बसवायचा, मग त्याच्याभोवती गाडी.

म्हणून हाडकुळीचा जन्म खराट्याच्या काड्यांतून झाला. आबांनी सोप्यात बसून काड्यांचा टीचभर सांगाडा बांधला, सांध्याला दोऱ्याचे वेढे. तो जमिनीवर ठेवून ते अंगठ्यानं दाबत. चौकोन दाबला की कलंडायचा आणि त्याची पतंगासारखी तिरकी आकृती व्हायची. मग ते त्याच्या कोनातून कोनात एक काडी बांधत. दोन त्रिकोण झाले की तोच चौकोन अंगठ्याला दाद देत नसे. तीन संध्याकाळी हेच चाललं होतं. कुठं दाबलं की कुठं वाकतं, कुठल्या काडीवर ओढ येते, कुठली नुसती शोभेची आहे. शोभेच्या काड्या त्यांनी एकेक करून काढून टाकल्या. आज हाडकुळीकडं बघताना मला ते काड्यांचं भेंडोळं दिसतं. तिच्या अंगावर एकही नळी रिकामी बसलेली नाही.

त्यानंतर वायरिंगच्या पीव्हीसी पाईपचा पूर्ण मापाचा नमुना झाला. त्यात मुलगी हेल्मेट घालून बसली आणि मी टेप लावला. हेल्मेट आणि पिंजरा यांच्यात १५२ मिलिमीटर, खांदे-कोपरांभोवती ७६ मिलिमीटर मोकळी जागा हवी, हे तिच्या पुस्तकातलं माप. गाडी उलटली तर पट्टे ताणले जातात, माणूस सीटमध्ये सरकतो, आणि ती जागा त्या सरकण्यासाठी असते. माझी उंची तिच्याहून जास्त, म्हणून वरची कमान आणखी दोन इंच चढवावी लागली.

मग लोखंड आलं. बाहेरून ३८ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, सहा-सहा मीटरच्या सहा नळ्या. एवढ्याचंच वजन नव्वद किलोंच्या वर जातं. पहिल्या कमानीला आम्ही घाई केली आणि वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती पडली. आबांनी ती नळी बाजूला काढून टाकली. सुरकुती पडली तिथंच पुढं मोडणार, हे त्यांचं ठरलेलं. आजही त्या नळीवर आमच्याकडं वेल वाढतो.

एक नळी दुसरीला भिडते तिथं तिच्या टोकाला चंद्रकोरीसारखी खाच घ्यावी लागते, म्हणजे ती दुसरीच्या गोलाईवर नीट बसते. त्यासाठी कागदाचा नमुना काढायचा, नळीभोवती गुंडाळायचा, खडूनं रेघ मारायची, ग्राइंडरनं कापायचं आणि शेवटी अर्धगोल कानशीनं घासत बसायचं. एका खाचेला मला सुरुवातीला पाऊण तास लागायचा. आबा ती नळी उजेडाकडं धरत. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की काही न बोलता परत शेगड्यात अडकवत. “फट वेल्डिंगनं भरायची न्हाई,” एवढंच एकदा म्हणाले, “वेल्डिंग जोडायला असतंय, भरायला न्हाई.”

सगळा सांगाडा आधी नुसत्या टाक्यांवर उभा राहिला. चार कोपऱ्यांना ओळंबे सोडले, कर्णांना दोरी लावली. एक कर्ण दुसऱ्याहून चार मिलिमीटर जास्त निघाला. टाके तोडून पुन्हा घातले. पुरं वेल्डिंग करतानाही एका बाजूला बोटभर, मग समोरच्या बाजूला बोटभर, असं फिरत राहायचं, कारण तापलेलं लोखंड निवताना आपल्याकडं ओढतं. एका बाजूनं सलग मारत गेलं की सकाळी सांगाडा वाकडा सापडतो.

इंजिनाची जागा बदलली, पण त्याचं तोंड बदललं नाही. ८००मध्ये इंजिन पुढं आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. तो सगळा गाडा, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टसकट, आम्ही उचलून तसाच सीटच्या मागं नेला. तोंड फिरवलं असतं तर हाडकुळीला चार गिअर उलट जायला आणि एक सुलट जायला मिळाला असता. पुढचे नकल, हब आणि स्टिअरिंग एका ओम्नीचे, कारण तिची पुढची चाकं नुसती वळतात, ओढत नाहीत. मागं मात्र एक पेच होता. ८००ची जी चाकं आता मागं आली, ती मुळात वळणारी. त्यांना सरळ धरून ठेवायला दोन्ही बाजूंना एकेक आखूड दांडा बसवून तो सांगाड्यावरच्या ब्रॅकेटला बांधला. हाताच्या पंजाएवढे दोन ब्रॅकेट. त्यातल्या डाव्या ब्रॅकेटबद्दल पुढं सांगतो.

आता तिचा स्वभाव.

थंडीत ती पहिल्या हाकेला उठत नाही. चोक ओढून दोनदा विचारावं लागतं. एकदा उठली की तीन सिलिंडरची ती लगबगीची धडधड सुरू होते आणि आबा शेजारच्या खोलीतून सांगतात, आज एक प्लग ओला आहे. ओल्या पाणंदीत ती खुशीत असते. लाल चिखल मागं उडवत, तोल जरा इकडं, जरा तिकडं टाकत, पण थांबत नाही. उभ्या चढावर खोकते. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल चढावर मागं कलतं, जेटला पुरत नाही आणि तिचा श्वास अडतो. फ्लोट जुळवून खोकला कमी झाला, गेला नाही. त्या वेळी रेस वाढवून उपयोग नसतो. क्षणभर पाय सैल करायचा, तिला श्वास घेऊ द्यायचा, मग ती आपणहून चढते.

आणि तिला ढेकर काढायला लावावी लागते. रेडिएटर पुढं, इंजिन मागं. दोन पाईप सीटच्या बाजूनं लांबवर गेलेले. पहिल्याच दिवशी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. पाणी भरलेलं, पंखा चालू, तरी तापली. आबांनी इंजिन बंद करून थोडं निवू दिलं आणि एका पाईपवरून तळहात मागून पुढं नेला. सीटजवळ हात थांबला. “हितवर गरम. हिथनं फुडं गार. हवा अडकलीय.” पाईप तिथं थोडा उंचावला होता आणि त्या उंचवट्यात हवेचा गोळा बसून पाणी अडवत होता. आम्ही त्या जागी पितळेची एक बारीक चावी बसवली. पाणी भरलं की चावी उघडायची, फसफस ऐकायची, सलग धार आली की बंद करायची. दूध पाजल्यावर तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटतात, तसं हे आता सवयीचं झालंय.

हे सगळं तिच्याबाबतीत कळतं, कारण तिच्यात काहीही झाकलेलं नाही. बंद गाडीत खडखड ऐकू आली तर ती कुठून येते हे शोधायला दोन दिवस लागतात. हाडकुळीचा पाईप गळला तर थेंब दिसतो. ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटला तर ग्रीसचे शिंतोडे नळीवर दिसतात. गॅरेजात पोचलेल्या पत्र्यावर लांबी भरतात, घासतात, रंग मारतात आणि गाडी नवी दिसू लागते. हाडकुळीला लांबी भरायला जागाच नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात लोकांना सांगत असे.

पण जागा होती. मीच शोधून काढली होती.

मागच्या डाव्या ब्रॅकेटचं वेल्डिंग माझं. संध्याकाळ झाली होती, हात अवघडला होता, खालून वर बघत मारायचं होतं. ओळ ओबडधोबड आली, गाठीगाठीची. उजवीकडची आबांची ओळ नाण्यांची चळत लवंडल्यासारखी एकसारखी. ती शेजारी बघून मला माझी ओळ सहन होईना. मी ग्राइंडर घेतला आणि गाठी घासून सपाट केल्या. वर रंग मारला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू सारख्याच देखण्या दिसत होत्या. आबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी, मामाच्या माळावरून उतरताना, ते ब्रॅकेट सुटलं. वेग फार नव्हता, दुसरा गिअर होता. मुलगी शेजारी बसली होती. उजवीकडं वळताना मागचं डावं चाक स्वतःच्या मनानं बाहेर वळलं आणि हाडकुळीची मागची बाजू पुढं यायला लागली. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, पण आता ती दोन्हीकडून वळत होती. बांधावर डावं चाक चढलं आणि ती सावकाश, अगदी सावकाश, कुशीवर पडली. गवत माझ्या कानाशी आलं. पट्ट्यांत मी लटकलो होतो. इंजिन बंद केलं. वर लटकलेल्या मुलीनं पहिला शब्द उच्चारेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. “ठीक आहे,” ती म्हणाली, “बाबा, ठीक आहे.” वरच्या कमानीवर बोटभर रुंदीचा ओरखडा होता. तिच्या हेल्मेटला साधा चरासुद्धा नव्हता. ते १५२ मिलिमीटर त्या दिवशी कामाला आले.

टेम्पोतून घरी आणली. आबा खाली वाकले, मोडलेलं ब्रॅकेट हातात घेतलं आणि दिव्याखाली फिरवून बघत राहिले. मोडलेली कड दोन रंगांची होती. थोडी पांढरी, चमकती, आत्ता तुटलेली. उरलेली काळपट, गुळगुळीत. तिथं वितळलेला रस नळीत भिनलाच नव्हता, नुसता वर पसरला होता. जो थोडा भिनला होता, त्याच्या वरची जाडी ग्राइंडरनं खाल्ली होती. त्यांना सगळं वाचता येत होतं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी ब्रॅकेट माझ्या हातात दिलं.

“वळ वंगाळ आल्ती, तर मला हाक मारायचीस. घासून काय मिळालं? दिसायला बरं केलंस आन बळ काढून घेतलंस.”

मी मुलीकडं बघू शकलो नाही. तिनंच विषय हलवला आणि कपाटातून रॉडचा डबा आणला.

त्या रात्री जुना रंग खरवडून आम्ही सांगाड्याचा प्रत्येक सांधा तपासला. डाव्या ब्रॅकेटच्या जागी जाड पत्र्याचं नवं आलं, त्याला नळीपर्यंत जाणारी एक तिरकी पट्टी आली. वेल्डिंग मीच करायचं, असं आबांनी सांगितलं. स्वतः मागं स्टूल घेऊन बसले. “थांब. हळू. रस बघ, ठिणग्या बघू नको.” काच लावलेल्या मुखवट्याआड ते एकच जग उरतं: हिरव्या काळोखात चमचाभर उजेड आणि त्याच्या कडेला भिनत जाणारी लोखंडाची ओल. ओळ पुरी झाली तेव्हा ती पुन्हा गाठीगाठीचीच होती, पण दोन्ही कडांना नळीत नीट रुजली होती. आबांनी ब्रॅकेटवर हातोडा घातला. एकदा, दोनदा, सहा वेळा. नाद एकसारखा येत राहिला. ग्राइंडरला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

रंग त्यांनी निवडला, हा फिका करडा, तोही पातळ. गडद रंगात तडा हरवतो. फिक्या रंगावर केसाएवढा तडा गेला तरी गंजाची तांबूस रेघ उमटते आणि चालता-चालता नजरेत भरते. येणाऱ्याला तो प्रायमर वाटतो, आणि बॉडीचा प्रश्न बहुधा त्यातूनच सुचत असावा.

हाडकुळी डांबरी रस्त्यावर चालत नाही. नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणता येत नाही, आणि घरी घडवलेल्या गाडीची नोंदणी करणं सोपं नाही. म्हणून ती टेम्पोत बसून भुदरगडकडं मामाच्या रानात जाते. तिथं मामाची पाणंद, त्यांचा माळ आणि जांभ्याची एक बंद पडलेली खाण, एवढं तिचं राज्य. पावसाळ्यात फुलांनी भरणाऱ्या सड्यावर आम्ही तिला चढवत नाही. टायरच्या एका वळशात त्या पातळ मातीचं जे होतं, ते भरून यायला फार वर्षं लागतात.

गेल्या जुलैत भातलावणीच्या वेळी पाणंदीत ट्रॅक्टर रुतून बसला होता. वाट बंद, आणि तरवाच्या मुठी या टोकाला पडून. मामा म्हणाले, “आणा तुमची हाडकुळी.” शेजारची सीट काढून आम्ही तिथं पाटी बांधली. चिखलातून, ट्रॅक्टरच्या कडेनं, एक चाक बांधावर ठेवून ती अकरा फेऱ्या करून आली. बायका लावणी थांबवून बघत होत्या. संध्याकाळी तिच्या नळ्यानळ्यांतून हिरवे तरू लोंबत होते आणि चिखलानं ती पहिल्यांदाच अंगभर झाकली गेली होती. मामींनी बादली घेऊन स्वतःच्या हातानं तिच्यावर पाणी ओतलं, बैलाला धुतात तसं, वरून खाली.

घरी परत आली की तिची तपासणी होते. पूर्वी आबा हातदिवा घेऊन एकेक सांधा बघत. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. म्हणून ते अंगठ्याच्या नखानं बघतात. पुढच्या कमानीपासून सुरुवात करतात आणि प्रत्येक सांध्याच्या कडेवरून नख फिरवत मागं येतात. तडा असेल तर नख अडतं. मी आणि मुलगी मागून चालतो. कुणी बोलत नाही.

डाव्या ब्रॅकेटपाशी आले की ते तिथल्या गाठींवरून नख दोनदा फिरवतात, एकदा जाताना, एकदा येताना. त्या गाठींवर बोट खडबडत जातं. मग हात पुसायला फडकं मागतात.

“ऱ्हाऊ दे तशीच,” म्हणतात आणि पुढच्या सांध्याकडं जातात.